उतरती उशी

दम लागतो आणि तरी सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, अशी माणसं मला आता लांबून ओळखू येतात. एसटी स्टँडच्या पायऱ्या चढताना ती मध्येच थांबतात आणि हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतात. पिशवी जड नसते. कोणी काही विचारू नये म्हणून केलेलं ते सोंग असतं. मी स्वतः ते बरीच वर्षं केलं, म्हणून कळतं.

हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. औषधांची नावं मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. माझ्याजवळ फक्त माझा अनुभव आहे आणि थोडा राग आहे. थोडा म्हणजे चांगलाच आहे.

मी शमीम. गाव ब्रह्मपुरी. आम्ही पिंजारी. माझे सासरे खांद्यावर धुनकी, म्हणजे पिंजायचं धनुष्य, टाकून धानाच्या पट्ट्यातली गावं पायी फिरायचे, ओसरीवर बसून लोकांची रुई पिंजून द्यायचे. माझ्या नवऱ्यानं, हबीबनं, पिंजायची मशीन घेतली आणि घराच्या पुढच्या खोलीत धंदा मांडला. पिंजण्याचं काम त्याचं, गादी भरून टाके घालण्याचं माझं. मूलबाळ आम्हाला झालं नाही. दिवसभर आम्ही दोघं आणि ती मशीन.

धान निघालं की लोक जुन्या गाद्या बैलगाडीवर, सायकलवर घालून आणायचे. नवी गादी आमच्या भागात लग्नालाच घेतात. पुढे वर्षानुवर्षं तीच पिंजून घ्यायची. वापरून वापरून रुई घट्ट होते, तिचे ढेपळे बनतात. अशी रुई दाबली तर दबते, पण हात काढला की वर येत नाही. मशीनमधून काढली की तीच रुई पुन्हा हलकी होते. हे मी इथेच सांगून ठेवते, कारण पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला यामुळेच समजलं.

आराम

चाळिशी उलटल्यावर मला दम लागायला लागला. आधी टाके घालताना. गादीवर गुडघे टेकून, पूर्ण वाकून सुई ओढायची असते. दहा-बारा टाके झाले की छातीवर कोणीतरी बसल्यासारखं व्हायचं आणि मी ताठ होऊन ओढणीने तोंड पुसायची. मग आडवं पडल्यावरही तसंच व्हायला लागलं. उठून भिंतीला टेकून बसलं की बरं वाटायचं.

हबीबनं मला असं बसलेलं दोन-तीनदा पाहिलं. तो बोलणारा माणूस नाही. एके दिवशी दुपारी त्यानं मशीन थांबवली, चांगली सरकी काढलेली रुई निवडली आणि माझ्यासाठी एक उशी बनवली. उशी कसली, लहानशी टेकडीच होती ती. कमरेपाशी बोटभर जाड, तिथून चढत चढत डोक्यापाशी हातभर उंच. खालून घट्ट भरलेली, वरून नरम. तिच्यावर पडलं की माणूस आडवाही असतो आणि बसलेलाही असतो.

त्या उशीवर मी लेकरासारखी झोपले. सकाळी त्यानं विचारलं, "आराम पडला?"

"पडला."

एवढंच. पण तो दिवसभर मशीनवर गुणगुणत होता.

काही महिन्यांनी पुन्हा जड वाटायला लागलं. त्यानं न सांगता ओळखलं. उशीची शिवण उसवली, आणखी रुई भरली, चढ वाढवला. पुन्हा आराम. पुन्हा काही महिन्यांनी तेच. उशी चढत गेली. शेजारच्याच घरात राहणारी माझी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, मुमताज भाभी, ती पाहून हसायची. "बाप्पा, राणीसाहेबाचं तख्त हाये हे तर! आमच्या नशिबात अशी उशी नाई."

मलाही हसू यायचं. बायकोसाठी आपल्या हातानं उशी बनवणारा नवरा किती जणींना मिळतो? मी ती उशी पाहुण्यांना कौतुकानं दाखवायची. ते कौतुक आठवलं की आता जीभ कडू होते.

धूळ

पुढे चालतानाही दम लागायला लागला, तेव्हा हबीब मला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांची ख्याती होती, बाहेर रांग असायची. त्यांनी नळी लावली, बीपी घेतलं. बीपी वर होतं. ते म्हणाले, घाबरल्यामुळे चढतं, डॉक्टरांना पाहून सगळ्यांचंच चढतं. मग विचारलं, "चालताना दम लागतो?"

"हो."

"झोपल्यावर लागतो?"

"नाही."

मी खोटं बोलले नाही. त्या उशीवर झोपल्यावर मला दम लागत नव्हता. त्यांनी झोपण्याविषयी विचारलं, मी झोपण्याविषयी सांगितलं. कशावर झोपते ते त्यांनी विचारलं नाही, आणि ते सांगायची गोष्ट आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग त्यांनी धंदा विचारला. हबीब म्हणाला, "पिंजारी." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर समाधान होतं. सोपं गणित समोर आल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावर असतं तसं. एक्स-रे त्यांनी त्यानंतर पाहिला आणि त्यात त्यांना जे हवं होतं ते दिसलं. कापसाची धूळ छातीत बसली आहे, म्हणाले. "धूळ बंद करा. नाहीतर ही बाई तुमच्या हाती राहायची नाही."

हे त्यांनी हबीबकडे पाहून सांगितलं. माझ्याकडे पाहून सांगितलं असतं तर मी निदान भांडले असते.

पुढच्या आठवड्यात मी एका दिवसापुरती नागभीडला बहिणीकडे गेले होते. संध्याकाळी परत आले तर पुढची खोली झाडून स्वच्छ केलेली. मशीन नव्हती. जमिनीवर ती जिथं ठोकली होती तिथले चार खड्डे तेवढे दिसत होते. वडशाच्या एका माणसाला त्यानं ती देऊन टाकली होती.

"मले विचारलं काऊन नाई?" मी ओरडले.

"विचारलं असतं तर तू नाई म्हनली असती."

"मंग?"

"मंग काई नाई. मशीन दुसरी भेटते."

त्याच्यावर कसं रागवायचं ते मला कळेना. ज्यानं माझ्यासाठी बापाचा धंदा मोडला, त्याला काय बोलणार? मी चुलीपाशी जाऊन रडले.

नॉर्मल

धूळ गेली. दम गेला नाही. उलट वाढला.

ब्रह्मपुरीत काम मिळेना म्हणून हबीब मोहर्लीला गेला. वाघ पाहायला येणाऱ्यांच्या एका निवासात त्याला फाटकावरची राखणदारी मिळाली. महिन्यातून एखाद-दोनदा घरी यायचा. एकदा आल्यावर म्हणाला, तिथल्या सगळ्या गाद्या स्पंजच्या आहेत. "हात लावला का वर येते लगेच. पिंजाचं कामच नाई." हसत सांगितलं त्यानं. मला ते हसणं पाहवलं नाही.

घरी आला की तो माझी उशी मात्र तपासायचा. घरात जुनी रुई उरलेली होती, त्यातली भरायचा.

कोणीतरी सांगितलं की एकदा हृदयाचं पाहून घ्या. आम्ही चंद्रपूरला गेलो. तिथे इको म्हणून तपासणी असते, सोनोग्राफीसारखीच, छातीवरून करतात. भाभीनं जाण्याआधीच गल्लीत सांगून ठेवलं की शमीम सोनोग्राफीला गेली, या वयात! चार दिवस बायका माझ्या पोटाकडे पाहत होत्या.

तपासणी करणारे घाईत होते. कुर्ता वर, गार चिकट जेल, नळीसारखं काहीतरी बरगडीत रुतवलं. परक्या पुरुषासमोर मी लाजेनं आवळून पडले होते. आडवं पडून दम लागतो हे सांगायच्या आत त्यांनी "झालं" म्हटलं. "पंपिंग साठ टक्के. फर्स्ट क्लास. तरुण पोरीसारखं हृदय आहे तुमचं. टेन्शन घेऊ नका."

हबीबनं स्टँडवर मला चिवडा घेऊन दिला. इतका आनंद झाला होता त्याला.

मी मात्र त्या दिवसापासून खोटी ठरले. छाती धुळीनं खराब म्हणावं तर धूळ बंद. हृदय म्हणावं तर तरुण पोरीचं. मग उरलं काय? डोकं. मला टेन्शनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या घेऊन मी दिवसभर पेंगायची आणि दम तसाच. पाण्याची कळशी उचलून दोन पावलं गेले की थांबावं लागायचं. भाभी भिंतीपलीकडून ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणायची, "धंदा गेला, मानुस जंगलात जाऊन बसला, आन् हिचं नाटक चालूच हाये. रिपोर्ट नॉर्मल हाये म्हने, मंग दम कायचा लागते?"

आणि सगळ्यात वाईट सांगू? हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. दम लागला की मी स्वतःला शिव्या द्यायची. कागदावर नॉर्मल लिहिलेलं असताना आपण हे काय करून राहिलो, असं वाटायचं. आजारापेक्षा हे जास्त लागलं मला.

सिरोंचा

भाभीच्या मुलाचा निकाह तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याला ठरला. बारात बसनं जाणार होती. हबीब रजा घेऊन आला. निघताना त्यानं उशीकडे पाहून विचारलं, "हे घेऊन जाऊ का?"

भाभी म्हणाली, "बारातीत बिस्तर घेऊन जाता का? सोयरे का म्हनतीन?"

उशी घरीच राहिली.

बस पहाटे निघाली आणि हाडं खिळखिळी करत दुपारी पोचली. मे महिना. निकाह झाला, जेवणं झाली. बिर्याणी, दालचा, खारट लोणचं. रात्री बारातीतल्या बायकांना शाळेच्या एका वर्गात सतरंज्या टाकून दिल्या होत्या. सगळ्या आडव्या झाल्या. मीही झाले. तीन वर्षांत पहिल्यांदाच उशीशिवाय, सपाट जमिनीवर झोपायला.

थोड्याच वेळात घशात बुडबुडे वाजायला लागले. मी उठून बसले, पण या वेळी बसूनही काही होईना. तोंडाला फेस आला. श्वास आत जायलाच जागा नव्हती. मरण असं गजबजाटात येतं, हे मला माहीत नव्हतं. मुलीकडच्या बायका तेलुगूत "नीळ्ळू, नीळ्ळू" ओरडत धावल्या आणि माझ्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावायला लागल्या. पाण्यानंच गुदमरत होते, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नाही. भाभीचा आवाज मला स्पष्ट आठवतो. "आता? आताच आलं का हिले?"

हबीबनं मला खांद्यावर घातलं आणि कोणाच्या तरी जीपमध्ये टाकलं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, मराठी अडखळत बोलायचा. त्यानं ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं. भाभी दारातून सांगत होती, "साहेब, हिचा इको नॉर्मल हाये, चंद्रपूरले काढला. हिले टेन्शन हाये." त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. नर्सनं भांडं लावलं. इतकी लघवी झाली की मला शरम वाटली. पण भांडं भरत गेलं तसा श्वास मोकळा होत गेला.

मग तो हबीबला म्हणाला, "धूळ धूळ काय सांगता भाऊ? धूळ लघवीवाटे जात नसते. छातीत पाणी होतं. हे हृदयामुळे होतं."

"पन हृदय तं नॉर्मल…"

"त्यांनी हृदय आवळताना पाहिलं. ढिलं होताना पाहिलं का? पुन्हा इको करा. हे विचारा."

निकाहाची खीर खाऊन बारात दुसऱ्या दिवशी परतली. आम्ही मागे राहिलो. भाभीनं जाताना मला सलाम केला नाही. तिच्या मुलाच्या निकाहात मी अपशकुन केला, असं तिनं पुढे कितीतरी दिवस सांगितलं.

पडद्यापलीकडे

चंद्रपूरला महिन्यातून एकदा नागपूरहून एक बाई डॉक्टर इकोसाठी यायच्या. त्यांनी आधी सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं. हबीबला म्हणाल्या, तुम्ही पडद्यापलीकडे थांबा. माझ्या अंगावर चादर टाकली आणि जेल लावण्याआधी हातावर घेऊन थोडं कोमट केलं. एवढ्यानंच माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत असं कोणी केलं नव्हतं.

"डाव्या कुशीवर, पूर्ण आडव्या व्हा."

मी झाले. थोड्याच वेळात उठून बसले. त्यांनी मला बसू दिलं.

"घरी झोपताना असंच होतं?"

"नाही, घरी बरी झोपते."

"उशा किती घेता?"

"एक."

"एकच?"

पडद्यामागून हबीब बोलला, "एकच हाये मॅडम. पन मी बनवली हाये." पडदा हलला आणि त्याचा हात आत आला. त्यानं खाटेच्या कडेवर हात ठेवून दाखवलं. "कमरेपासून सुरू होते, आन् डोक्यापाशी इतकी उच. हिले आडवं पडलं का तरास होते ना, म्हनून. दोन-चार महिन्यानं अजून रुई भरून देतो, मंग आराम पडते."

त्याच्या आवाजात अभिमान होता.

बाई हातातलं काम थांबवून त्या हाताकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "या उशीबद्दल याआधी कोणी विचारलं नाही तुम्हाला?"

"नाई."

"तुम्ही कुणाला सांगितलं?"

"उशीचं का सांगाचं, मॅडम?"

त्या त्याच्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खाटेवरचा तो हात हळूच पडद्याआड गेला. त्याला समजलं होतं.

खाटेची डोक्याकडची बाजू उंच करून त्यांनी तपासणी केली. खूप वेळ. यंत्रातून आवाज सुरू झाला, आमच्या मशीनमधून रुई उडायची तसा, फस् फस्. यंत्राच्या काचेवर दोन दोन टेकड्या उमटत होत्या, एक उंच, एक बुटकी. रक्त हृदयात कसं शिरतं ते त्यात दिसतं, असं त्या म्हणाल्या. "नुसतं पाहिलं तर हेही नॉर्मल दिसतं. आता नाक दाबा, तोंड मिटा आणि कुंथल्यासारखा जोर करा."

मी केला. टेकड्या बदलल्या. उंच होती ती बसली, बुटकी वर आली.

"याला आम्ही खोटं नॉर्मल म्हणतो," त्या म्हणाल्या.

मी हसले. खरंच हसले, छातीवर जेल असताना. वर्षानुवर्षं लोक माझं सोंग, माझं सोंग म्हणत होते. ते सोंग माझ्या हृदयाचं होतं.

मग त्यांनी हबीबला आत बोलावून दोघांना समजावलं. हृदयाला आवळायचं काम असतं तसं सैल व्हायचंही असतं. माझं आवळतं छान, पण सैल होत नाही. मग रक्ताला आत जागा मिळत नाही, ते मागे फुप्फुसात तुंबतं. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं, कोणी लक्ष दिलं नाही, त्यानं हृदयाची भिंत जाड आणि कडक झाली.

"म्हणजे जुन्या गादीसारखं," मी म्हटलं. "दाबली तर दबते, पण फुगत नाही."

"अगदी तसंच."

हबीब इतका वेळ खाली पाहत होता. त्यानं मान वर केली. "मंग मॅडम, हे पिंजता येते का?"

बाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी नजर यंत्राकडे वळवली. "नाही," त्या म्हणाल्या. "आणखी कडक होऊ नये एवढं पाहता येतं."

मीठ

मला तिथेच दाखल करून घेतलं. रोज सकाळी वजन, रोज बाटलीत लघवी मोजायची, मीठ नसलेलं वरण. बिनमिठाच्या वरणाला काय चव असते ते ज्यानं खाल्लं त्यालाच विचारा. लोणचं, पापड, सुकी मच्छी, सगळं बंद. डॉक्टर सकाळी येऊन पायावर बोट दाबून पाहायचे. खड्डा पडला की भुवई वर.

शेजारच्या खाटेवर जंगलातल्या गावची एक म्हातारी होती. तिची गोंडी मला कळत नव्हती, माझं हिंदी-मराठी तिला. पहिल्या दिवशी मला आडवी पडून धडपडताना तिनं पाहिलं आणि आपल्या लुगड्यांचं गाठोडं माझ्या पाठीखाली सरकवलं. कोणाला काही न विचारता. दवाखान्यात मला जी मदत मिळाली त्यातली एवढी एकच मी मनात अढी न धरता आठवते.

भीती वाटायची का? वाटायची. मरणाची कमी, घरी जायची जास्त. आता खरंच आजारी आहे म्हटल्यावर लोक चांगलं वागतील, आणि ते चांगलं वागणं मला सहन होणार नाही, असं वाटायचं. तसंच झालं. भाभी फळं घेऊन आली. डोळ्यांना पदर लावला. "आम्हाले का मालूम बाई, तुले खरंच बिमारी हाये म्हून." मी मोसंब ठेवून घेतलं. माफ केलं का, असं मला कोणी विचारलं तर मी विषय बदलते.

रिपोर्ट घेऊन मी छातीच्या डॉक्टरांकडेही गेले. मुद्दाम. त्यांनी चष्मा लावून वाचला. "चला, कारण सापडलं हे उत्तम झालं," म्हणाले. "धूळ तशीही वाईटच असते." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता

गोळ्या चालू आहेत, चालूच राहणार. वजनकाटा चुलीजवळ ठेवला आहे. बाजारापर्यंत चालते, चढावर थांबते आणि आता पिशवीचं सोंग करत नाही. थांबते म्हणजे थांबते.

तुम्हाला एकच सांगते. झोपताना दम लागतो का, असं विचारलं तर नुसतं हो-नाही सांगू नका. कसे झोपता ते सांगा. खुर्चीत झोपत असाल तर खुर्ची सांगा, भिंतीला टेकत असाल तर भिंत सांगा. घरातल्यांनी तुमच्यासाठी प्रेमानं जे जे करून दिलं असेल, ते सगळं सांगा. त्यात तुमचा आजार लपलेला असू शकतो. आणि इको नॉर्मल म्हणाले तर विचारा, ढिलं होताना पाहिलं का?

मशीन परत मिळते का म्हणून हबीब वडशाला जाऊन आला. त्या माणसानं मोटर काढून पिठाच्या चक्कीला लावली होती, सांगाडा भंगारात गेला होता. हबीब अजून मोहर्लीलाच आहे. त्यानं मला कधी सुनावलं नाही. सुनावतो तो स्वतःला, आणि ते मनातल्या मनात, म्हणून मला थांबवताही येत नाही. एकदाच बोलला. "मी उशी नसती बनवली तं तुले लौकर समजलं असतं."

"तू उशी चांगलीच बनवली होती," मी म्हटलं. "त्या डॉक्टरनं विचाराले पाह्यजे होतं."

माझं म्हणणं खरं आहे. पण त्याचा उपयोग झाला नाही.

गोळ्या लागू पडल्या तशी उशी उतरायला लागली. बाई डॉक्टरांनीच सांगितलं होतं, थोडी थोडी कमी करून पाहा. हबीब घरी आला की शिवण उसवायचा, मूठभर रुई काढायचा, पुन्हा टाके घालायचा. ज्या हातानं चढवली त्याच हातानं उतरवली. या ईदला तो आला तेव्हा मी म्हटलं, आता साध्या उशीवर झोप लागते मला, ही मोडून टाक.

त्यानं ती दुपारी पुढच्या रिकाम्या खोलीत नेली आणि पूर्ण उसवली. आतली रुई बाहेर ओतली. सगळी दबलेली, ढेपळ्यांसारखी. इतकी वर्षं मी तिच्यावर पडून होते, दुसरं काय होणार? तो त्या ढिगाशेजारी मांडी घालून बसला, एक ढेपळं हातात घेतलं आणि बोटांनी सोडवायला लागला.

"राहू दे ना," मी म्हटलं. "टाकून दे."

"थोडी मोकळी होते का पाह्यतो."

मी दारात बसले. तो एकेक तंतू वेगळा करत होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या मांडीवर ओंजळभर हलकी रुई जमली होती आणि शेजारचा ढीग होता तेवढाच होता. मशीन असती तर चहाला उकळी येईपर्यंत झालं असतं हे काम.